गोणपाटाचा रंग

४ एप्रिल

आज बुडालो. पैसे भरून, सही करून, दोन माणसांच्या देखरेखीखाली!

पाण्याखाली श्वास घेता येतो, हे कळलं. चष्मा घालता येत नाही, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. मास्कच्या आत काड्या मावत नाहीत. उणे सहा नंबरचा माणूस चष्म्याशिवाय समुद्रात सोडला तर त्याला काय दिसणार? हालचाल. रंग. बाकी सगळं श्रद्धेवर.

गाइड बोटाने काहीतरी दाखवायचा, मी मान डोलवायचो. वडील संस्कृत शिकवायचे तेव्हा न कळलेल्या श्लोकालाही अशीच डोलवायचो. जुनी विद्या कामी आली.

पण मासे! पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे — थेट नाकापर्यंत आले. मीच संकोचलो. एवढ्या उत्साहाने आजवर मला कोणी भेटायला आलेलं नाही.

"खूश झाले साहेब तुमच्यावर," वर आल्यावर गाइड म्हणाला. त्याच्या हातात ओल्या पावाची रिकामी पिशवी होती. बोटीवर बाकीचे चाळीसेक लोक अंगाला तेल चोपडून पाण्यात उतरायच्या तयारीत.

जैवविविधता: दहापैकी आठ. संवर्धन: माहीत नाही. विचारलं तर गाइड म्हणाला, "आम्ही रोज खायला घालतो की!"

६ एप्रिल

संपादकीणबाईंचा फोन. "शास्त्रीबुवा, तीन जागा, तीन रकाने, शेवटी एक नंबर. वाचक सुट्टीत कुठे बुडी मारायची ते बघणार. मला भाष्य नको."

"पण तुलना कशाची करायची? एकीकडे मासे जास्त, दुसरीकडे मासे मोठे, तिसरीकडे—"

"भाष्य सुरू झालं." फोन बंद.

तिसऱ्या जागेबद्दल त्यांच्यापाशी अवाक्षर काढलेलं नाही. तिथे माझी धाकटी बहीण असते. ती आणि मेव्हणे मिळून डायव्हिंगच्या बोटी चालवतात. बोटी मेव्हण्यांच्या, पाण्याखालचं सगळं हिचं. सांगितलं असतं तर काम दुसऱ्याला गेलं असतं, आणि धाकटीचं तोंड पाहून चार वर्षं झाली.

दुपारी मेव्हणेही फोनवर. "दादा, तुम्हीच येताय म्हणे! मग पहिला नंबर आपलाच?"

"अहो, आधी बघू तरी द्या."

"बघायचं काय त्यात? घरचंच आहे!" मग आवाज जरा खाली. "गेला मोसम वाया गेला. यंदा पण तसंच झालं तर एक बोट विकावी लागेल. हिला सांगू नका."

धाकटी मात्र फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, तुझा चष्म्याचा नंबर काय? आणि लवकर ये. त्या दोन जागा मागे ठेवता आल्या तर बघ." त्या मागे ठेवता आल्या नाहीत. तिकिटं काढलेली होती.

९ एप्रिल

दुसरी जागा. ही जागा आहे की वसतिगृह?

दारातच एक राखणदारीण. वय माझंच, आवाज माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापकांचा. तासभर नियम. हात लावायचा नाही. तळाशी उभं राहायचं नाही. अंगाला लावलेलं क्रीम धुऊन यायचं. दिवसाला मोजकीच माणसं, त्यांत आज मी, हे माझं भाग्य. पाय जरा खाली लोंबला तर मागून येऊन तिने माझ्या पायातला रबरी पंखा धरला आणि मला मांजराच्या पिल्लासारखं वर उचललं.

आणि एवढं सोसून दिसलं काय? तपकिरी. सगळीकडे तपकिरी. मळकट, खरखरीत, ओळीने पसरलेलं — समुद्राच्या तळाला कोणी ओलं गोणपाट अंथरून ठेवलंय! आपल्या पूर्वजांनी समुद्राला रत्नाकर म्हटलं, कारण त्यांनी पाण्यात डोकं घातलं नव्हतं. घातलं असतं तर गोणपाटाकर म्हणाले असते.

मासे जवळ येईनात. फ्रिजच्या आकाराचं काहीतरी शेजारून गेलं, माझ्याकडे न बघता. कानात सतत तडतड, मोहरी फुटावी तशी. टाकीत बिघाड वाटला. राखणदारणीला विचारलं, तर म्हणाली, "तो प्रवाळाच्या खडकाचा आवाज. गप्प असता तर मी घाबरले असते."

अर्थ कळला नाही. टिपून ठेवला.

सौंदर्य: तीन. शिस्त: अकरा.

१० एप्रिल

पाठ धरली. खडक बोलका असला की चांगला, मग मासे अबोल असले की काय? मलम चोळून झोपलो.

१३ एप्रिल

धाकटी धक्क्यावर उभी होती. उन्हाने काळवंडली आहे, केस दोरखंडासारखे झालेत. मला बघून आधी हसली, मग पोटाकडे बघून हसली.

"दादा, तुला बुडायला वजन लावायची गरजच नाही."

"उलट जास्त लागतं, असं गाइड म्हणाला."

"तो सभ्य होता."

आम्ही लहान असताना मी सुभाषितं पाठ करायचो आणि ही विहिरीत उड्या मारायची. वडील म्हणायचे, एकाला शब्द मिळाले, एकीला पाणी. आता मला पाण्यावर शब्द लिहायचे आहेत आणि ती गप्प गप्प आहे. जेवताना मेव्हणे एकटेच बोलत होते — यंदा बुकिंग कसं, नवी शिडी कशी, अंकाच्या पहिल्या पानावर फोटो आला तर कसं. ती ताटात बोट फिरवत होती.

"बरी आहेस ना?" मी विचारलं.

"पाणी गरम आहे," ती म्हणाली. हे उत्तर होतं की वेगळा विषय, कळलं नाही.

१४ एप्रिल

आज पाहिलं! पाहिलं म्हणजे खरोखर पाहिलं!

धाकटीने माझ्या नंबरची भिंगं बसवलेला मास्क करून ठेवला होता. म्हणून नंबर विचारला होता. भल्या सकाळी, कोणी उठायच्या आत, आम्ही दोघंच उतरलो. पूर्ण वेळ तिने माझा हात धरला होता. असा हात तिने शाळेच्या पहिल्या दिवशी धरला होता.

आणि खाली — काय लिहू? जांभळं, आतून दिवा लावल्यासारखं. गुलाबी. असा पिवळा की डोळे मिटावेत. निळ्याच्या तर किती तऱ्हा! प्रवाळाच्या फांद्या, घुमट, पंखे — सगळे पेटलेले. पाटल, नील, पीत, कपिश — रंगांचे होते नव्हते ते सगळे शब्द बाहेर काढले, पुरले नाहीत. एक कपिश तेवढा, म्हणजे तपकिरी, कुठेच लागला नाही. पूर्वजांची क्षमा मागितली. रत्नाकर!

वर आल्यावर मी लहान मुलासारखा बडबडत होतो. धाकटीने मास्क काढला. डोळे लाल.

"खारं पाणी," म्हणाली.

१५ एप्रिल

बहिणीला झुकतं माप देतोय की काय, याचा सकाळभर विचार केला. उत्तर: नाही. आंधळासुद्धा हाच नंबर देईल. दोन जागी तर मी जवळजवळ आंधळाच होतो! पहिली ही जागा. दुसरी पावाची. तिसरं गोणपाट. दुपारी मजकूर पाठवला, मेव्हण्यांनी काढलेला जांभळ्या प्रवाळाचा फोटो जोडला. बाईंचं उत्तर लगेच: "शेवटी एकदाचं सरळ लिहिलंत! फोटो मुखपृष्ठावर."

मेव्हण्यांनी मला मिठीच मारली. धाकटी बोटीवर होती. रात्री वाच म्हटलं.

१६ एप्रिल

माझं डोकं चालेनासं झालंय. जसं झालं तसं लिहितो.

ती अंगणातल्या टबात रबरी सूट धूत होती. मजकूर वाचून तिने कागद दगडाखाली ठेवला, उडू नये म्हणून, आणि पुन्हा धुवायला लागली.

"आवडला नाही?"

"‘तेज’ लिहिलंयस. दादा, ते तेज नाही. ताप आहे."

मी हसलो. ती हसली नाही.

मग सांगितलं. प्रवाळ म्हणजे जीव. त्याच्या अंगात एक बारीक शेवाळ राहतं — समज, घरात ठेवलेला भाडेकरू, आणि घरादाराचा स्वयंपाक तोच करतो. त्या भाडेकरूचा रंग तपकिरी. पाणी फार तापलं की मालकाचं डोकं फिरतं, भाडेकरूला बाहेर काढतो. मग चूल बंद. ऊन थेट अंगावर. त्यापासून वाचायला काही प्रवाळ अंगातले उरलेसुरले रंग पणाला लावतात आणि असे झळाळतात. थोडे दिवस. मग पांढरे पडतात. पाणी वेळेत निवलं तर भाडेकरू परत येतो. नाही निवलं तर संपलं.

"म्हणजे तपकिरी—"

"धडधाकट. तू ज्याला गोणपाट म्हटलंस ना, त्याच्यासारखा खडक मी दहा वर्षांत पाहिला नाही. जिवंत खडकाची तडतड ऐकू आली होती ना? फ्रिजएवढा मासा? आणि तू त्याला तीन गुण दिलेस! तेही चष्म्याशिवाय!"

म्हणजे माझी यादी खालून वर वाचायची! पावावर पोसलेली ती मासळीही दोन नंबरची नाही. नेमक्या किती नंबरची, हे आता मला कोण सांगणार?

"मग मला बोलावलंस कशाला? आधीच सांगायचं!"

तिने सूट पिळला. "तू बघावंस असं वाटलं. पुन्हा असं दिसेल न दिसेल. आणि मला वाटलं, तुला कळेल."

"मला?"

"तुला सगळं कळतं असं मला लहानपणापासून वाटतं, त्याला मी काय करू?"

बरं, तिला हवंय काय? हा मोसम खडक बंद. एकही माणूस खाली नको, एकही नांगर नको. माणसं थांबवून पाणी थंड होत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. "पण आजाऱ्याच्या खोलीत पाहुण्यांची रांग तरी नको." मेव्हण्यांना दोनदा सांगून झालंय. ते म्हणतात, एवढं सुंदर कधी दिसलं नव्हतं, तुला उगाच भीती वाटते. "मी बोलले की ती भीती. तू लिहिलंस की ते छापील."

बोट विकायची पाळी आली आहे, हे तिला माहीत नाही. तिला वाटतं मेव्हणे ऐकत नाहीत. मेव्हण्यांना वाटतं ती समजून घेत नाही. मधे मी, एकाचं गुपित आणि एकीची मागणी खिशात घेऊन. मेव्हण्यांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय, धाकटीने उघडायला. कोणाचं ऐकायचं?

१७ एप्रिल

सांगून टाकलं. दोघांना एका टेबलाशी बसवून, दोघांचंही.

धाकटी मेव्हण्यांना म्हणाली, "बोट विकणार होतास? मला न विचारता?" मेव्हणे मला म्हणाले, "दादा, घरचा माणूस म्हणून बोलावलं तुम्हाला!"  शेवटी ती उठली. "मी उतरणार नाही आणि कोणाला उतरवणारही नाही. बोटी विक नाहीतर बांधून ठेव."

ते बाहेर गेले. जाताना मागे न बघता, "फोटो माझा आहे. छापायचा असला तर विचारा."

मी चांगलं केलं की वाईट? तर्कशास्त्र शिकलो होतो ना मी? पंचावन्नाव्या वर्षी दोन साध्या माणसांत कोण बरोबर, एवढंही ठरत नाही. दोघंही बरोबर वाटतात. 

१८ एप्रिल

बाईंना फोन. बहिणीचं सांगितलं. मजकूर मागे घेतो म्हटलं. पहिला नंबर गोणपाटाला. पावाच्या जागेला नंबर नाही, एक विनंती: खायला घालू नका. आणि बहिणीच्या खडकाला: यंदा जाऊ नका, आजारी आहे.

पलीकडे इतकी शांतता की राखणदारीण असती तर घाबरली असती.

"बहीण आहे हे आधी सांगायला हवं होतंत, शास्त्रीबुवा."

"हो."

"पुढचं काम मी तुम्हाला देऊ शकणार नाही."

"हो."

"मुखपृष्ठ तेच ठेवते. खाली तुमच्या बहिणीचं वाक्य. काय म्हणाली होती?"

"तेज नाही, ताप आहे."

"तुमच्यापेक्षा बरं लिहिते."

फोटोची परवानगी मागितली. मेव्हण्यांनी नुसतं "छापा" म्हटलं आणि दोर गुंडाळत राहिले. निघताना धक्क्यावर आले नाहीत.

५ मे

धाकटीचा निरोप. एकच शब्द: "पांढरं."

२० जून

अंक आला. मुखपृष्ठ फारच सुंदर. शेजारचे काका पाहून म्हणाले, "वा! इथे जायलाच हवं!" खालची ओळ वाचली का, विचारलं. म्हणाले, चष्मा नाही आणला.

११ जुलै

धाकटी म्हणते, एक बोट गेली. मेव्हणे दिवसभर दुसरीची डागडुजी करतात, बोलत नाहीत. पण रोज सकाळी न चुकता पाण्यात तापमापक सोडतात. तिने सांगितलेलं नाही. आकडा मोठ्याने वाचतात, म्हणे, भिंतीला सांगितल्यासारखा. ती आतून ऐकते.

याला भांडण म्हणायचं की संसार?

२९ ऑगस्ट

सकाळी फोन. मेव्हणे! एप्रिलनंतर पहिल्यांदाच. कसे आहात नाही, काही नाही. मागे इंजिनाचा आवाज आणि हे ओरडतायत—

"दादा, गोणपाट!"

"काय?"

"गोणपाट! तो जांभळा होता ना, फोटोतला — त्याच्या बुडाशी! मी स्वतः खाली जाऊन पाहिलं! हातभर!"

मागून धाकटी, "टीचभर आहे! दादाला खोटं सांगू नकोस!"

"टीचभर तर टीचभर! पण मळकट आहे दादा, अगदी मळकट!"

हसत होते की रडत, कळलं नाही.