पालकाच्या जुडीचा फेरा

८ जुलै

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. तुझे मेहुणे रोज माझ्याकडून गुडघा चोळून घेतात आणि वर मलाच नावं ठेवतात.

शाळेच्या स्वयंपाकघरात मात्र माझ्या नाकी नऊ आलेत. कंत्राटदाराकडून पालक येतो तो पिवळा, चिकट. निम्मा फेकते, उरलेला शिजवते, तर पोरं तो ताटाच्या कडेला सारतात. आमचं गाव खडकावरचं. दुकानात नुसत्या खाऱ्या-गोड पुड्या. हिरवं काही पोटात जायचं ते शाळेतच. आता समितीचे अध्यक्ष म्हणतात, महिनाअखेरही ताटं अशीच राहिली तर भाजी बंद करून बिस्किटं वाटू. मला रडूच आलं रे. हा पालक पिकवणारा एकदा माझ्या तावडीत सापडू दे!

लोभ असावा, पत्राचा आळस नसावा.
तुझी छबडी

१४ जुलै

चि. सौ. छबडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं. त्या पालकवाल्याची मला दयाच आली! पण तू म्हणतेस ते खरं. असल्या माणसाने मळ्यात पाऊल टाकू नये. मी पहाटे पालक काढतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो, उजाडायच्या आत शहरच्या बाजाराला रवाना. पान कसं टवटवीत! तू धीर सोडू नकोस.

तुझ्यावर लोभ आहेच, भांडलीस तरी राहील.
दादा

२० जुलै

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

आज जुडी सोडताना ती बांधलेली चिंधी हातात आली. तिच्यावर हिरवे पोपट! आपल्या माहेरच्या पुढच्या खोलीतला जुना पडदा मी ओळखणार नाही होय? टेम्पोवाल्याला खोदून विचारलं. तुझा पालक आधी शहरात जातो, व्यापाऱ्याकडे दोन दिवस पडून राहतो, मग कंत्राटदाराकडे, आणि चौथ्या दिवशी इथे पोचतो. तुझ्या मळ्यापासून शाळा दीड तासावर! तेव्हा मळ्यात पाऊल टाकू नये असा तो माणूस तूच.

राग नाही, हसून पोट दुखतंय. पण महिना संपत आला, काहीतरी कर.
छबडी

२४ जुलै

चि. सौ. छबडीस अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी दोन दिवस मला पालकवाले म्हणून हाक मारते आहे. असो. दुधाची गाडी पहाटे आमच्या कोपऱ्यावरून निघते आणि तुमच्या शाळेवरूनच जाते. ड्रायव्हर जुड्या आणायला तयार आहे. तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी कंत्राटदाराची संमती तेवढी घ्यावी. त्याचीही खेप वाचेल.

काळजी करू नकोस, लोभ ठेव.
दादा

१ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

कंत्राटदार आनंदाने हो म्हणाला. काल सकाळी सातला पालक उतरला, पानांवर दव तसंच. लसूण घालून परतला नि झाकण ठेवलं.

अध्यक्ष बिस्किटांचा नमुना घेऊनच आले होते. पंगतीतून फिरले, एकेक रिकामं ताट वाकून पाहिलं. मग म्हणाले, मलाही चव द्या. पातेल्यात काहीच नव्हतं! चव न घेता कसं ठरवू, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, ताटं पाहिलीत ना? ते हसले. भाजी चालू राहणार, दादा!

जाताना मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, एक जुडी घरी नेण्यापुरती मिळेल का? इतकी वर्षं मला वाटायचं, या गावाला भाजी आवडतच नाही. अरे, चांगली कधी मिळालीच नव्हती, तर मागणार कुठून?

उद्यापासून बारा जुड्या जास्त पाठव. लोभ आहे तो असू दे.
तुझी छबडी