बारशाआधीचा पाळणा

रेवदंडा, १६ डिसेंबर १९३१

तीर्थरूप बाबांस, रूथचा प्रभूमध्ये सलाम.

मी बरी आहे. पायांना थोडी सूज आहे, ती या दिवसांत असतेच. हे प्रचाराला गावोगाव गेले आहेत, नाताळाला परततील. भायखळ्याला थंडी पडली का? धाकट्या योहानची शाळा कशी चालली आहे?

तुम्ही रचलेला ख्रिस्तजन्माचा पाळणा इथल्या बायांना शिकवते आहे. शेजारच्या आवडाबाई ऐकायला येतात. काल मी पहिली ओळ म्हटली आणि त्या उठल्याच.

"मास्तरीनबाय, पोटुशीनं पाळना म्हनू न्हाय. पोर बारा दिस जगूं दे, मंग बारशाला गा."

मी हसून म्हटलं, "हा देवाच्या लेकराचा आहे."

"त्याच्या आयला भ्या वाटत नव्हता काय?"

माझी आधीची दोन्ही बाळं बारशापर्यंत राहिली नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे.

मग मनात आलं, देवदूतांनी तरी बारशाची वाट कुठे पाहिली? बाळांना मारायला निघालेल्या हेरोद राजाची तलवार अजून यायची होती, आणि ते जन्माच्याच रात्री गायले. तुमच्या गीतातला आनंद हाच असावा. पुढचं काही ठाऊक नसताना गायचा.

मी पाळणा शेवटपर्यंत म्हटला. आवडाबाई डोळे पुसत दारात उभ्या राहिल्या, पण गेल्या नाहीत.

बाबा, मी नाताळालाही गाईन. पण मला फार भीती वाटते. आईला याच आठवड्याच्या बोटीने पाठवा.

तुमच्या प्रार्थनेत असलेली,
रूथ