पाडव्याचा फराळ, हवाई मार्गे

८ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कोणी विचारलं की लखनौच्या आकाशातून पहिला फराळ कोणी पाठवला, तर लेखी पुरावा हवा. एरवी ही वही कोणी वाचायची नाही. आमच्या सौ. विनयाने तर नाहीच.

पार्श्वभूमी : चिरंजीव अनीश. मी मागे लागून त्याला रेल्वेच्या परीक्षेला बसवलं, सिग्नल खात्यात लागला, म्हणजे माझ्याच खात्यात. आणि होळीच्या दिवशी तोंडाला रंग फासलेल्या अवस्थेत सांगतो काय, राजीनामा दिला! आता ड्रोन कंपनीत. शहरात घरोघर पार्सलं हवेतून पोचवणार म्हणे. मी फक्त एवढंच म्हणालो, की खेळणी उडवायला इंजिनियर कशाला लागतो. त्यावर तो आणि सूनबाई कौमुदी अलीगंजला भाड्याच्या फ्लॅटमध्ये निघून गेले. एवढ्याशा बोलण्यावरून! तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. तोही बोलत नाही, पण सुरुवात माझी आहे.

९ ऑक्टोबर
विनयाने मेथी निवडता निवडता सांगितलं : अनीशची बंगळूरला बदली. भाऊबीजेच्या संध्याकाळचं विमान. फ्लॅट सोडणार.

मी म्हणालो, बरं.

तिने विचारलं, बरं म्हणजे काय? जाऊन या की एकदा. मी म्हणालो, लहान तो आहे, त्याने यावं. ती म्हणाली, नाक कापलं जाईल का तुमचं? मी पेपर उघडला. मला उत्तर सुचलं नव्हतं अशातला भाग नाही.

१० ऑक्टोबर, पहाटे
सुचलं. मी जाणार नाही. फराळ जाईल! आमच्या गच्चीवरून त्याची इमारत दिसते. सहावा मजला, निळा पडदा. ड्रोन इथून उडेल आणि त्याच्या बाल्कनीत उतरेल. त्याचीच विद्या, त्याच्याच दारात. याला म्हणतात लास्ट माइल डिलिव्हरी, मी सगळं वाचलंय. म्हणे गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचा हा शेवटचा टप्पाच सगळ्यात अवघड असतो. असेल, यांच्यासाठी. मी बत्तीस वर्षं राजधानी गाड्या सोडल्या आहेत.

मुहूर्त : पाडवा. साडेतीनपैकी अर्धा, पण आपल्याला अर्धा पुरतो.

१२ ऑक्टोबर
नाका हिंडोल्याच्या बाजारातून ड्रोन आणला. दुकानदार म्हणाला, अंकल, बच्चे के लिए? मी म्हणालो, हाँ. कोणाकोणाला समजावत बसायचं.

सरकारी नियमांची फाइल मोबाइलवर उतरवली. इंग्रजी आहे, लांबलचक. अमौसीचं विमानतळ दक्षिणेला, आपण चाललो उत्तरेला. म्हणजे तो प्रश्न मिटला. बाकीचं सावकाश वाचीन.

१३ ऑक्टोबर
हॉलमध्ये चाचणी. उड्डाण उत्तम. आकाशकंदील चुकीच्या जागी टांगलेला होता. फाटला. विनयाला म्हणालो, दिवाळीला अजून आठवडा आहे, एवढ्या लवकर टांगायचा कशाला?

१५ ऑक्टोबर
भार चाचणी. स्टीलचा डबा : उचलत नाही. प्लास्टिकचा डबा, आत चार लाडू : उचलत नाही. दोन लाडू : घरघरला, पण जागेवरच. लाडवांचा आग्रह सोडला. बेसन मुळातच जड. अनीशला तसेही आवडत नाहीत.

(आवडतात. पण तांत्रिक निर्णयात भावना आणायची नसते.)

१६ ऑक्टोबर
करंजीसह उड्डाण. करंजी गेली, ड्रोन परत आला. उलटं झालं असतं तर महाग पडलं असतं.

करंजी शेजारच्या श्रीवास्तवजींच्या गच्चीवर, भाभीजींनी वाळत घातलेल्या बड़ियांमध्ये, म्हणजे आपल्या सांडग्यांमध्ये पडली. श्रीवास्तवजी ती हातात धरूनच आले. फार अदबशीर माणूस. आधी करंजीची तारीफ केली, गुझिया आमच्याकडे होळीला करतात म्हणाले, मग म्हणाले, आप जो चाहे उड़ाइए, बस परेवा को मत उड़ाइएगा. परेवा म्हणजे प्रतिपदा. म्हणजे आपला पाडवाच! मी त्यांना साडेतीन मुहूर्त समजावून सांगितले. ते म्हणाले, भाईसाहब, त्या दिवशी लखनौत जमघट असतो, सगळं शहर पतंग उडवतं.

दिवाळीत पतंग! पतंग संक्रांतीला उडवतात, हे नाशिकचं शेंबडं पोरही सांगेल. एवढी वर्षं लखनौत काढली, मी तर एकही पतंग पाहिला नाही. अर्थात दर दिवाळीला आम्ही नाशिकला थोरल्या भावाकडे असायचो. यंदा विनयाने जायला नकार दिला. का, ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

१८ ऑक्टोबर
शेवटी चकली. हलकी, आणि भोकातून दोरा ओवता येतो. ड्रोन दोन चकल्या घेऊन झकास उडाला. तिसरी ओवली की डुलतो. दोन तर दोन! प्रश्न फराळ किती गेला हा नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे.

विनया म्हणाली, आठ दिवस राबून मी सहा पदार्थ केले, आणि पोराला दोन चकल्या?

१९ ऑक्टोबर
विनयामार्फत निरोप आला. अनीशने सांगितलंय, पाडव्याला बाबांना उडवू देऊ नकोस, आमची कंपनीसुद्धा त्या दिवशी एकही ड्रोन उडवत नाही.

म्हणजे त्याला कळलंय. हिनेच सांगितलं असणार. आणि कंपनीची अख्खी कंपनी दोन पतंगांना घाबरून घरी बसणार! यासाठी रेल्वे सोडली?

विनया आणखी एक बोलली. तुमच्या रेल्वेत पुढच्या स्टेशनला विचारल्याशिवाय गाडी सोडत नाहीत ना? मग फोन करा त्याला, विचारा, सोडू का म्हणून.

या बाईने सिग्नलचं ज्ञान माझ्याकडूनच घेतलं आणि माझ्यावरच चालवलं. फोन हातात घेतला होता. चार्जिंग कमी होतं.

२१ ऑक्टोबर
विनयाने जाहीर केलं, उद्या ती सकाळीच अनीशकडे जाणार. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचं असतं हे तिला मान्य, पण ओवाळून घ्यायचं असेल तर नवऱ्याने तिकडे यावं. लग्नानंतर पहिल्यांदाच असं बोलली. मी म्हणालो, जा. मला उद्या उड्डाण आहे.

२२ ऑक्टोबर, पाडवा, सकाळ
एकट्याने उटणं लावलं. पाठीला हात पोचत नाही. विनया गेली. चकल्या ओवल्या. वारा अनुकूल. आता गच्चीवर.

त्याच दिवशी, संध्याकाळ
दोन पतंग नव्हते. आकाशच दिसत नव्हतं हो! प्रत्येक गच्चीवर माणसं, म्हातारे, बायका, सुना, लाउडस्पीकर. श्रीवास्तवजी स्वतः मांजाची चरखी धरून उभे. मला बघून त्यांनी हात जोडले, रुकिए, अशी खूण केली. पण आता माघार घ्यायची म्हणजे काय! सोडला.

सुंदर चढला. दोनतीन गच्च्यांपर्यंत तर अप्रतिम. मग कुठूनसा मांजा आला, ड्रोनने एक गिरकी घेतली आणि वाऱ्यावर वाहत दूर कुठेतरी खाली. सगळा मोहल्ला ओरडला, वो काटा! श्रीवास्तवजीसुद्धा ओरडले. मग त्यांनी जीभ चावली.

मी फक्त यंत्र शोधायला बाहेर पडलो. हे नमूद करून ठेवतो. गल्लीगल्लीतून, मान वर करून. कपूरथला चौकात एका मिठाईवाल्याच्या ताडपत्रीवर सापडला. एक पंखा तुटलेला, एक चकली शाबूत. आता इतका आलोच आहे तर पुढच्या मार्गात तारा किती आहेत ते पाहून ठेवावं, म्हणून पुढे गेलो. पुढे त्याची इमारत लागली. लागली तर माझा काय दोष?

सहाव्या मजल्यावर कुलूप. वॉचमन म्हणाला, भैया, भाभी आणि माताजी सकाळीच महानगरला गेले, बाबूजी के घर. म्हणजे आमच्याच मोहल्ल्यात, माझ्याकडे! विनया त्यांना आणायलाच गेली होती. मी गल्ल्यांतून आलो, ते मोठ्या रस्त्याने गेले.

ई-रिक्षाने परतलो. तिघं जेवायची थांबली होती. विनयाने ओवाळलं. अनीशने ड्रोन उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, बाबा, खाली लटकवलं काय होतं? कौमुदी हसू दाबत उठून आत गेली. मी म्हणालो, पेलोड. त्याने उरलेली चकली मोडली, अर्धी मला दिली, अर्धी खाल्ली. मग हिंदीत म्हणाला, पहली डिलिव्हरी में हमारा भी यही हुआ था.

मी म्हणालो, तुमचं होणारच.

माफी त्याने मागितली नाही. मीही नाही. पण लाडू पाच खाल्ले त्याने.

२३ ऑक्टोबर
अमौसीला सोडायला गेलो. अनीश गेटपर्यंत ड्रोनबद्दल समजावत होता. रक्ताच्या पिशव्या, औषधं, ट्रॅफिकमध्ये अडकणारी. मी ऐकलं. निम्मं मला माहीत होतंच. नमस्काराला वाकला तेव्हा काहीतरी बोलणार होतो. म्हणालो, पोचल्यावर फोन कर.

२४ ऑक्टोबर
अनीश फ्लॅटची किल्ली देऊन गेला होता, घरमालकाला पोचवायला. विनया म्हणाली, रिक्षा करा. मी म्हणालो, काही गरज नाही, चालत जाईन.

मोठ्या रस्त्याने गेलो. वाटेत पान खाल्लं, ओळखीच्या एकाशी बोलत उभा राहिलो, तरी विड्याचा रंग चढायच्या आत पोचलो. किल्ली देण्याआधी दार उघडून पाहिलं. रिकामी खोली. पडदाही काढून नेलेला.

होळीपासून दिवाळीपर्यंत तो इथे राहत होता. इतकं जवळ होतं.