एक प्रश्न जास्त

आदरणीय कडू सर,

फुलसावंगीच्या इंदूबाईचा खटला तुम्ही माझ्याकडेच का पाठवलात? मी पुन्हा हरावं म्हणून?

माझा अशील उकंडा याच्यावरच्या चोरीच्या खटल्यात सरकारी साक्षीदार म्हणाला होता, "अंधार होता, चेहरा नाही दिसला." तिथेच उलटतपासणी थांबवून मी खाली बसायला हवं होतं. पण मला भाषणांची सवय, टाळीचं वाक्य हवंच. मी गरजले, "मग ओळखलंत कसं?"

"खोकल्यावरून, मॅडम. वीस वर्षं शेजारी ऐकून राह्यलो."

उकंडा तुरुंगात गेला. तुम्ही एवढंच म्हणालात, "कायले इचारलं वं, पोरी?"

इंदूबाईने कडब्याची गंजी पेटवल्याच्या खटल्यातला साक्षीदारही म्हणाला, "पेटवताना म्या नाही पाह्यलं." पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर आला. मागच्या बाकावर तुम्ही होतात, माझा तमाशा पाहायला आलेले. मी खाली बसले. तुम्ही मान हलवलीत. ती शाबासकी होती की निराशा?

काल इंदूबाई सुटली. तरी हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही खरं सांगितलंत तरी मला पटायचं नाही.

उकंडाने बायकोजवळ निरोप धाडलाय, "अपील तुम्हीच लढा मॅडम, पण या बारीले चूप बसजा." त्याच्यावर मात्र मला संशय येत नाही.

तुमच्यावर विश्वास नसलेली, तरी तुमचीच ज्युनिअर,
मोनाली