ताईच्या खोलीची चौथी भिंत

दि. २ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

तुझं कार्ड मिळालं. नव्या नाटकाचा राजवाडा उभा राहिला आणि पहिल्याच प्रयोगात त्याचा खांब हलला, हे वाचून मी एकटीच हसत बसले. लहानपणी हातोडी घेऊन तू घरातलं एक स्टूल धड ठेवलं नाहीस. त्याच ठोकाठोकीवर पुढे पोट भरशील, असं तेव्हा कोणाला वाटलं होतं?

आता माझं ऐक. घर ताब्यात येऊन दोन महिने झाले. चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये काढली. तिथे खाट हॉस्पिटलची, पडदे वॉर्डातले, भिंतीचा रंगही दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेला. मेट्रन म्हणून निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं की आता सगळं मनासारखं करायचं. पण मन काही बोलेचना. लेकीने मासिकांतली घरांची चित्रं कापून पाकीटभर पाठवली. छान आहेत, पण त्या खोल्यांत कधी कोणी शिंकलंसुद्धा नसेल असं वाटतं. रंगाच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने नुसत्या पांढऱ्याचेच अकरा प्रकार पुढे टाकले. मी घाबरून वॉर्डातला फिका हिरवा घेऊन घरी आले.

मग व्हायचं तेच झालं. परवा लेक आली ती दारातच थबकली. म्हणाली, आई, हा तर वॉर्ड झालाय. खरंच होतं ते. खाट खोलीत मधोमध, दोन्ही बाजूंनी जायला वाट सोडलेली. शेजारी भेटायला येणाऱ्यांसाठी स्टूल, समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ. आणि कपाटांवर मी एक, दोन, तीन असे आकडे चिकटवले होते, ते कधी केलं माझं मलाच आठवेना. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरून आले, ते मला लागलं.

ती म्हणते, तुझा जीव इथे रमत नाही, आमच्याकडे ये, हे घर भाड्याने देऊ. जावयाच्या ऑफिसातलं एक जोडपं एकोणतीस तारखेला घर बघायला येणार आहे. तोवर मी हो की नाही ते सांगायचं. लेकीचं घर चांगलं, जावई भला, तक्रारीला जागा नाही. पण मला एकदा तरी स्वतःच्या घरात राहायचंय रे. कसं राहायचं तेच कळत नाही. तू जन्मभर लोकांसाठी खोल्या उभ्या केल्यास, आता बहिणीला एक करून दे. मापं मागच्या पानावर लिहिली आहेत.

जेवणाची आबाळ करू नकोस. माझी माया आहेच, तुझीही राहू दे.

तुझी,
ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन.

मुळात तुला सल्ला देणारा मी कोण? माझ्या खोलीत तीन नाटकांतून उरलेलं सामान आहे. रोज सकाळी राजाच्या खुर्चीत बसून चहा पितो आणि तिचा एक पाय पुठ्ठ्याचा आहे, त्यामुळे राजाला जपून बसावं लागतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तरी आमची कामाची रीत सांगतो. आम्ही रंगापासून कधीच सुरुवात करत नाही. दिग्दर्शकाला आधी विचारायचं, की हा माणूस सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कशाला हात लावतो, बाहेरून आला की पिशवी कुठे टाकतो, रागावला की कुठे जाऊन बसतो. एवढं कळलं की खुर्ची कुठे आणि दिवा कुठे हे आपोआप ठरतं. तुझी उत्तरं मला पाठ आहेत. तू उठलीस की आधी खिडकी उघडतेस, पिशवी दाराशी ठेवतेस, आणि रागावलीस की आईसारखी कपड्यांच्या घड्या घालत बसतेस.

तेव्हा खाट आधी भिंतीला लाव. दोन्ही बाजूंनी येऊन तुझी कूस बदलणारं आता कोणी नाही, आणि तशी वेळ न येवो. आकडे खरवडून काढ. खिडकीखाली एक रुंद बाक करून घे, म्हणजे मनसोक्त रागावता येईल. हिरवा रंग एका भिंतीला राहू दे, चौतीस वर्षं काही खोटी नव्हती. सोबत पेन्सिलीने चित्र काढून पाठवतोय. भाचीवर रागावू नकोस, ती तुझ्या काळजीने बोलते.

तुझा आशीर्वाद होता तसाच डोक्यावर असू दे.

तुझा,
ठोक्या


दि. १७ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

चित्र पोचलं. शेजारीण आणि मी मिळून खाट सरकवली, बाक सुताराकडे सांगितला. पण अरे शहाण्या, माझ्या खोलीला भिंती चार आहेत आणि तू तीनच काढल्यास. आधी वाटलं, तुझा कागद संपला. मग उमगलं की जन्मभर तू तीन भिंतींच्याच खोल्या केल्यास, चौथीकडे प्रेक्षक बसलेले. लेकीला फोनवर सांगितलं, तर तीही कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

हसून झालं, पण ती राहिलेली भिंत काही डोक्यातून जाईना. ती नेमकी खाटेसमोरची, घड्याळाची. आमच्या वॉर्डात एक आजीबाई होत्या, महिनाभर पाठीवर पडून. त्यांनी एकदा मला विनवलं होतं, की सिस्टर, समोरचं घड्याळ काढा, दुसरं काहीही लावा, त्यात नुसती वेळ जाताना दिसते. मी त्यांना नियम सांगितला. त्या पुन्हा कधी काही बोलल्या नाहीत. मला ते अजून टोचतं. ती भिंत मी रोज पाहायचे, पण दारात उभी राहून, तपासणीला येणाऱ्यांच्या नजरेने. खाटेवर पडून एकदाही पाहिली नाही.

काल दुपारी आडवी होऊन पाहिली. मग उठले आणि घड्याळ नेऊन स्वयंपाकघरात लावलं. आता तिथे नुसता खिळा आहे. लेकीच्या पाकिटातली सगळी चित्रं लावून पाहिली, एकही डोळ्यांत भरेना. बारा दिवस उरलेत, तूच सांग काय लावू. आणि तुझ्या चित्रातल्या टेबलावर दोन कप आहेत. एक माझा, दुसरा कोणाचा?

पत्राला उशीर कर, पण विसरू नकोस.

तुझी,
ताई


दि. २२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चुकलोच. चाळीस वर्षांत चौथ्या भिंतीचं कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे तिच्यावर काय लावायचं ते मला खरोखरच येत नाही. ते तुझं तुलाच सुचायला हवं.

कपाचं म्हणशील तर तो आमच्या धंद्यातला नियम. टेबलावर एकच कप ठेवला, तर पडदा उघडल्याबरोबर लोकांना त्या माणसाची कीव येते. म्हणून दोन ठेवायचे. त्यात दुसरं काही नाही.

घर बघायला येईन, नाटकांचा हंगाम संपला की. हे मी गेली सहा वर्षं सांगतोय, ठाऊक आहे. तरी राग घड्या घालण्यापुरताच असू दे.

तुझा,
ठोक्या


दि. ३० मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

काल ते जोडपं येऊन गेलं. त्यातली मुलगी खिडकीखालच्या बाकावर बसली ती उठायलाच तयार होईना. घर कोणी सजवलं म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावाने, पण त्याने एक भिंत तशीच सोडली. तशी ती समोर बघायला लागली.

खिळ्यावर मी तुझंच चित्र लावलंय, चौकट करून. तुझ्या हातून राहिलेल्या भिंतीवर तू काढलेल्या तीन भिंती. सकाळी डोळे उघडले की समोर माझीच खोली दिसते आणि माझी मलाच बरी वाटते. मुलीला मी सांगितलं, की बाई, तुला इथपर्यंत उगाच हेलपाटा पडला, हे घर द्यायचं नाही. लेक शेजारीच उभी होती. ती त्या दोघांना दारापर्यंत पोचवून आली. मग म्हणाली, शनिवारी मी इथे राहायला आले तर चालेल का. मी म्हटलं, खाट भिंतीला लावल्यापासून खाली अंथरायला भरपूर जागा झालीय.

आता तुझ्या नियमाचं. तो नाटकापुरता ठीक आहे, इथे माझी कीव करायला समोर बसलंय कोण? पण रोज सकाळी चित्रात दोन कप दिसतात आणि मी टेबलावर एकच ठेवते, ते मला बरं वाटत नाही. म्हणून दुसरा आणून ठेवलाय. हंगाम संपायची वाट बघू नकोस. राजाची खुर्ची तिकडेच राहू दे. वॉर्डासारखं केलेलं सगळं मी मोडलं, पाहुण्याचं स्टूल तेवढं ठेवलंय. ये आणि त्यावर बस. इथे भेटायची वेळ ठरलेली नाही.

वाट बघतेय.

तुझी,
ताई