उद्याची बस

प्रिय झिपरे,

चोवीस तास सोबत असणाऱ्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच. पण तू खाली कपडे धुवायला गेली आहेस, मशीनसमोर रांग आहे, आणि तोंडाने सांगायला लागले की तू मला हसवतेस आणि विषय राहून जातो. म्हणून लिहिते. उद्याच्या बसमध्ये बसायची माझी इच्छा नाही.

थकलेय गं. पायांचं काही नाही, ते आता तरबेज झालेत. पण दर चार दिवसांनी नवं गाव, नवी उशी नको वाटते. फ्रिजमधल्या दुधाच्या बाटलीवर आपलं नाव लिहायचं, ओले मोजे पिशवीत कोंबायचे, सहा जणांच्या खोलीत कुणाची झोप मोडू नये म्हणून बॅगेची चेन इंच इंच ओढायची, या सगळ्याचा वीट आलाय. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आपण नऊ महिने ओढले. परवा तो धबधबा पाहून तू गप्प झालीस, आणि माझ्या मनात काय आलं, तर आता एवढं सगळं परत उतरायचं. ‘सुंदर’ म्हणायचाही कंटाळा येऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

आणि रोज संध्याकाळी ती आपली गोष्ट. नवे लोक भेटले की तू सुरू होतेस, हिने दातांचा दवाखाना सोडला, मी बँक सोडली, दोघी एकाच दिवशी बाहेर पडलो. तिखटमीठ इतकं छान लावतेस की मलाही ती धाडसी मुलगी आवडायला लागते. पण ती काही मी नव्हे. आपल्या खोलीतला तो लांबडा चित्रकार गाल धरून बसतो तेव्हा माझे हात शिवशिवतात. लोक सूर्यास्त बघतात, मी त्यांच्या हिरड्या बघते. आत्याचा परवा फोन आला होता. तिच्या दवाखान्यात माझ्या जागी तिने अजून कुणाला घेतलेलं नाही. पेशंट विचारतात म्हणाली, आणि मग उगीचच हवेबद्दल बोलत राहिली.

काल तू न सांगता बाजारात गेलीस. दुपार उलटली तरी तुझा पत्ता नाही. आलीस ती शेजारच्या खोलीतल्या त्या दोन बहिणींबरोबर, काखेत टरबूज आणि हसून हसून लाल झालेली. मी जिन्यात बसून रडले. मी रागावले असं वाटून तू कितीदा तरी सॉरी म्हणालीस. रागावले नव्हते.

आता सांगूनच टाकते. काकू गेल्यावर तू जेवण सोडलं होतंस. आई गेली हे कुणाला सांगावं लागेल म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी जात नव्हतीस. कुठेतरी लांब जाऊ या, एवढंच एकदा म्हणालीस, आणि मलाही दातांचा कंटाळा आलाय असं मी ठोकून दिलं. कंटाळा कधीच आला नव्हता. तुला एकटीला सोडवेना म्हणून निघाले. उपकारबिपकार म्हणू नकोस, मला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. काल मात्र तू मला सांगून जायचं चक्क विसरलीस. इतके महिने मी त्याचीच वाट बघत होते, झिपरे. त्या बहिणी उद्या त्याच बसने निघताहेत. तू त्यांच्याबरोबर जा. मला आता घरी जाऊ दे.

तुझीच,
दातवाली