चंद्रीचं दावं

२ फेब्रुवारी १९५६, गुरुवार
ठरलं. रविवारी सहकुटुंब दौलतरावांची डेअरी बघायला जायचं. एज्युकेशनल ट्रिप. कंपनीतले साहेब लोक पोरांना असंच नेतात. दुर्गी आठ वर्षांची झाली, थोडं सायन्स कळायला हवं. शिवाय आमची चंद्री तिथंच आहे. कंपनीचं क्वार्टर मिळालं, तिथं जनावर चालत नाही, म्हणून दिवाळीनंतर म्हैस दौलतरावांना दिली. तेव्हापासून दुर्गी दुधाला तोंड लावत नाही आणि सुमन माझ्याशी कामापुरतं बोलते. म्हैस मजेत आहे हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मायलेकी सुतासारख्या सरळ होतील.

३ फेब्रुवारी
चंद्रीचं दावं अजून खुंटीला. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं, घरची लक्ष्मी जाते, म्हणून सुमननं तेव्हा काढून ठेवलं. कंपनीच्या माणसाच्या घरात हे शोभत नाही. उद्या फेकणार.

४ फेब्रुवारी
ओव्हरटाइम. दावं राहिलं. ट्रिपसाठी मुद्दे काढले: चारा, स्वच्छता, जनावरांची मनःशांती.

५ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
डेअरी उत्तम. पत्र्याची शेड, सिमेंटची जमीन. मी चाऱ्यावर बोलत होतो तेवढ्यात दुर्गी पळाली. चंद्री कोपऱ्यात होती. जरा बारीक झालीय. हवापालट, दुसरं काय. धार काढणारा भैरू म्हणाला, ही बया दूध चोरती, आमाला पान्हा सोडत न्हाई, मालक येत्या शनिवारी चाकणच्या बाजारात काढणार हायती. सुमन पुढं झाली. पदर खोचून बसली, कासेला हात लावला, आले गं मी, म्हणाली. चंद्रीनं निम्मी बादली भरली.
मला तिनं हुंगलंसुद्धा नाही. अंगाला कंपनीच्या औषधांचा वास येतो, त्यामुळं असेल.

७ फेब्रुवारी
सुमन आपणहून बोलली! देहूला तिच्या भावाच्या गोठ्यात जागा आहे, चंद्रीला तिकडं न्या, दौलतरावांकडं नुसता शब्द टाका, म्हणाली. दुर्गी दारामागं उभी होती. एवढंच ना, म्हटलं. पण एकदा दिलेली म्हैस तोंडी परत मागणं बरं दिसत नाही. रीतसर अर्ज देणार. इंग्रजीत, टाइप करून.

९ फेब्रुवारी
टायपिस्ट रजेवर. शनिवारला अजून वेळ आहे.

१० फेब्रुवारी
टाइप झाला. एक स्पेलिंग चुकलं, परत करायला दिला. असा अर्ज दौलतरावांनी जन्मात बघितला नसेल.

११ फेब्रुवारी, शनिवार
शिफ्ट संपल्यावर अर्ज घेऊन थेट चाकण. बाजार उठत होता. भैरू एकटाच बसलेला. चंद्री सकाळीच भाकड जनावरांबरोबर ट्रकात गेली, म्हणाला. कुणी घेतली, विचारलं, तर त्यानं मान खाली घातली. म्हणाला, सयाजीराव, येक शबुद टाकला असता तर मालकांनी तशीच दिली असती.
घरी सांगितलं, चांगल्या घरी पडली. सुमन नुसतं बरं म्हणाली. दुर्गी खुंटीवरच्या दाव्याकडं बघत बसली.

१२ फेब्रुवारी, रविवार
सकाळी उठलो तर खुंटी रिकामी. दुर्गीला विचारलं. आईनं पहाटे पवनेत सोडलं, म्हणाली. मी काठाकाठानं काळेवाडीपर्यंत जाऊन आलो. नदीला पाणी कमी आहे, लांब गेलं नसेल असं वाटलं होतं. सापडलं नाही. चपला भिजल्या. उद्या परत बघणार.